विचारायचं राहिलं

कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजात शिकणारी पनवेल-खारघरची मुलंमुली अधूनमधून माझ्या दवाखान्यात येतात. पेशंट संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर थांबतात आणि मग आत येऊन ठरलेले प्रश्न विचारतात. ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या प्लॅब परीक्षेचा पहिला भाग इंटर्नशिप चालू असताना देता येईल का, दुसऱ्या भागासाठी मँचेस्टरला किती आधी जावं, इंग्रजीची परीक्षा म्हणून आयईएलटीएस द्यावी की ओईटी, एकूण खर्च किती धरावा. खरं तर ही माहिती माझ्यापेक्षा त्यांच्याकडेच ताजी असते. मी दक्षिण वेल्समध्ये काम करून परत आले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे एकच आहे, ते म्हणजे मी तिथे काय चुकले आणि परत आल्यावर इथे काय चुकले. तोंडी सांगताना त्यातलं अर्धं राहून जातं, आणि जे राहतं ते बहुतेक मला सांगायला जड जाणारंच असतं. म्हणून लिहून काढते आहे.

माझे वडील धूतपापेश्वरच्या कारखान्यात नोकरीला होते. १८७२ पासून पनवेलमध्ये आयुर्वेदाची औषधं बनवणारा हा कारखाना. तिथल्या माणसाची मुलगी मुंबईहून एमबीबीएस होते आणि वर विलायतेला निघते, याचं आमच्या आळीत केवढं अप्रूप होतं! निघायच्या आदल्या दिवशी घरी येणाऱ्यांची रीघ लागली होती. त्या कौतुकानं माझं एक नुकसान केलं. मागे फिरून ‘जमत नाही’ असं सांगायची सोय उरली नाही, आणि तिथे गेल्यावरही कुणापाशी ते बोलायचं धाडस झालं नाही.

ही २००२ ची गोष्ट. प्लॅबचा दुसरा भाग तेव्हा लंडनमध्ये होत असे. ईस्ट हॅममध्ये एकेका खोलीत चार-चार गाद्या टाकून आम्ही राहायचो आणि रात्री एकमेकींना पेशंट समजून सराव करायचो. परीक्षेत खोटे पेशंट असतात, नट असतात ते. दुःखद बातमी कशी द्यावी, रागावलेल्या नातेवाइकाशी कसं बोलावं, याची वाक्यं आम्ही पाठ केली होती. मी चांगल्या गुणांनी पास झाले आणि तिथलं वैद्यक आपल्याला आलं असं समजले.

नोकरी मिळाली वेल्सच्या खोऱ्यातल्या एका रुग्णालयात. १९८४-८५ च्या संपानंतर तिथल्या कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडत गेल्या होत्या. माणसं तिथेच राहिली होती, छातीत कोळशाची धूळ घेऊन. पहिले काही दिवस रिपोर्टातले आकडे परके वाटायचे. आपल्याकडे रक्तातली साखर शंभर असते तेव्हा तिकडे साडेपाच लिहितात. आपलं क्रिएटिनिन एक, तिकडे नव्वद. मी खिशातल्या वहीत तक्ता करून ठेवला आणि आकड्यांचा प्रश्न मिटला. बाकीच्याचा तक्ता होत नाही हे कळायला एक रात्र जावी लागली.

सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त खाणकामगार दम लागून दाखल झाले होते. हातांवर निळसर रेघा होत्या. खाणीत लागलेल्या जखमांत कोळशाची भुकटी राहून गेली की कातडीखाली अशा रेघा कायमच्या उमटतात. अॅम्ब्युलन्समधून आणताना तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क लावला होता, तो तसाच होता. मी तपासलं, औषधं लिहिली, बोटाला लावलेल्या यंत्रात अठ्ठ्याण्णवचा आकडा बघितला आणि समाधानानं पुढच्या वॉर्डात गेले.

मध्यरात्रीनंतर त्या वॉर्डातल्या नर्सचा फोन आला. मला हे गृहस्थ ठीक वाटत नाहीत, म्हणाली. मी विचारलं, ऑक्सिजन किती? अठ्ठ्याण्णव. ब्लडप्रेशर? व्यवस्थित. मग काय होतंय? ती म्हणाली, झोपाळल्यासारखे आहेत, संध्याकाळी चहाचा कप धरताना हात थरथरत होता. मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, रात्रीचे दोन वाजलेत, झोपू दे. थोड्या वेळानं तिचा परत फोन आला. हातात दुसरा पेशंट होता, येते म्हणाले आणि गेले नाही. मनातून थोडी चिडलेही होते. मी डॉक्टर, मी तपासलंय, आकडे चांगले आहेत, मग ही पुन्हा पुन्हा काय सांगते आहे?

तिनं तिसरा फोन मला केलाच नाही. थेट रजिस्ट्रारला उठवलं. मी पोचले तेव्हा तो पलंगाशी उभा होता आणि मनगटाच्या धमनीतून काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट हातात होता. कार्बन डायऑक्साइड बारा किलोपास्कलच्या वर गेला होता. तो सहाच्या आत हवा. जुनाट दम्याच्या, फुप्फुसं झिजलेल्या अशा काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन दिला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. हात गरम आणि लालसर होतात, पंजा फडफडतो, माणूस गुंगत जातो. बोटावरचं यंत्र मात्र उत्तम आकडा दाखवत राहतं. अशा रुग्णाचा आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या दरम्यानच ठेवायचा असतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही असतं. रजिस्ट्रारनं मास्क बदलला, श्वासाला मदत करणारं यंत्र लावलं आणि उजाडेपर्यंत ते गृहस्थ शुद्धीवर आले. ते वाचले यात माझा काही वाटा नाही.

माझी ती चूक ज्ञानाची होती असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होते, कारण ज्ञानाची चूक वाचून दुरुस्त करता येते. पण नर्सनं चहाचा कप बघितला होता. मला हवी असलेली सगळी माहिती तिच्याकडे होती आणि ती आपण होऊन मला देत होती. मी ज्या वॉर्डांत घडले तिथे एकेका सिस्टरकडे पन्नास-पन्नास पेशंट असायचे. ऑर्डर लिहायची आम्ही आणि पाळायची त्यांनी, हा शिरस्ता. त्यांना काय दिसतंय हे त्यांना विचारायची पद्धतच नव्हती. त्याही बायकांना नक्की कितीतरी दिसत असणार. मी कधी विचारलं नाही. इंग्लंडला जाताना मी पुस्तकं नेली, लोणचं नेलं, आणि हा शिरस्ताही बरोबर नेला.

दुसऱ्या दिवशी घटनेचा फॉर्म भरला गेला. मला वाटलं, आता चौकशी आणि मग घरी. माझ्या वरिष्ठांनी बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला, रात्री तू मला किंवा रजिस्ट्रारला फोन का नाही केलास? मी उत्तर दिलं, तुम्हाला त्रास नको म्हणून. त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या लेखी मी नम्र नव्हते, धोकादायक होते. माझी नजर खाली आणि तोंडात ‘सर, सर’. तेही त्यांना पश्चात्ताप वाटत नव्हता, काहीतरी लपवणं वाटत होतं. आपल्याकडे वरिष्ठांपुढे मान खाली घालतात तो आदर. तिथे मान वर करून, नजरेला नजर देऊन ‘मी असं केलं, कारण मला असं वाटलं’ म्हणावं लागतं. ते शिकायला मला फार वेळ लागला.

एवढं होऊनही तीच गोष्ट पुन्हा घडली, उलट्या बाजूनं. विशीतला एक मुलगा ताप आणि कावीळ घेऊन आला. यकृताला विषाणूंची सूज असावी असं राउंडवर ठरलं. मी त्याचे डोळे पाहिले. पिवळ्यावर लाल चढलेला, पण चिपडं नाहीत. पोटऱ्या दाबल्या तर तो ओरडला. मुंबईच्या पावसाळ्यात वॉर्डाच्या जमिनीवर गाद्या टाकून असे पेशंट बघितले होते. आमच्या रायगडात भातलावणीच्या दिवसांत तर लेप्टोची धास्ती असतेच. मुलगा नदीत नाव वल्हवतो, हेही त्यानं मला सांगितलं होतं. तरी मी गप्प. तज्ज्ञांच्या राउंडमध्ये, पनवेलहून आलेल्या मी, त्यांच्या देशात, त्यांच्या नदीतला रोग त्यांना सांगायचा? दोन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञानं फोनवर नदीबद्दल विचारलं आणि मग पेनिसिलिन सुरू झालं. मुलगा बरा झाला. मला ते आधीच वाटलं होतं, हे मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही. माझ्याच जिल्ह्यात, महाडला राहून डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर केलेलं काम ‘लॅन्सेट’नं छापलं होतं, हे मला ठाऊक होतं. इथलं ज्ञान तिथे चालतं हे ठाऊक असूनही तोंड उघडलं नाही.

त्या खोऱ्यात एक वयस्क भारतीय डॉक्टर होते. मुंबईत शिकून साठच्या दशकात आलेले, एका छोट्या गावात वर्षानुवर्षं फॅमिली डॉक्टर. नवीन आलेल्या भारतीय मुलांना ते आवर्जून जेवायला बोलवायचे. मी एकदा गेले आणि नंतर टाळत राहिले. इतकी वर्षं राहून त्यांचे उच्चार तसेच होते, आणि मोठ्या शहरातली, मोठ्या रुग्णालयातली जागा त्यांना मिळाली नव्हती. हे मागे पडलेले, आपल्याला पुढे जायचंय, असं माझ्या मनात होतं. या सगळ्या चुकांत हिची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

त्यांची पिढी काय होती हे मी फार उशिरा वाचलं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, १९४८ च्या जुलैत सुरू झाली. ती उभी करणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन याच खोऱ्यांतला, ट्रेडेगरचा, पोरवयात खाणीत उतरलेला. मोफत उपचार मिळू लागले, पण खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांत जायला तिथले डॉक्टर राजी नसत. ग्लिनकॉरुगमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली मांडलं की जिथे वैद्यकाची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी पोचतं. त्या रिकाम्या जागा भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांनी भरल्या. मोठ्या रुग्णालयांत शल्यक्रिया किंवा हृदयरोगाच्या जागा मिळेनात म्हणून कितीतरी जण वृद्धांच्या आणि मानसिक आजारांच्या विभागांत गेले. तिथे कुणी जायला मागत नसे. पुढे ते विभाग त्यांनीच नावारूपाला आणले. १९७५ साली भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता गेली आणि परीक्षा आली, तीच आजची प्लॅब. १९९३ साली अनीस इस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांनी सारख्याच योग्यतेचे अर्ज इंग्रजी आणि आशियाई नावांनी पाठवून पाहिले. आशियाई नावांना बोलावणी कमी आली. खोटे अर्ज केले म्हणून अटक झाली ती मात्र या दोघांना.

एवढं सगळं सोसून ते वयस्क डॉक्टर त्या गावात टिकले होते. तीन-तीन पिढ्यांच्या छातीचा आवाज त्यांना ओळखीचा होता. धुळीनं झिजलेल्या फुप्फुसांना किती ऑक्सिजन द्यावा हे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, भात-आमटी खाता खाता मला कळलं असतं. त्यांना विचारायला हवं होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, कार्डिफचे हृदयशल्यचिकित्सक डॉ. जितेंद्र राठोड गेले. तेही मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. ती बातमी पनवेलमध्ये वाचताना मला खोऱ्यातल्या त्या घराचं दार आठवलं. जेवायला बोलावणारे ते डॉक्टर त्याच्याही आधीच वारले होते.

आता आमच्या लाइन आळीतल्या एका मुलाबद्दल. तो माझ्यापेक्षा काही वर्षांनी लहान. त्याची आई आणि माझी आई एकत्र पापड लाटायच्या. २००५ च्या दिवाळीत मी घरी आले होते तेव्हा तो प्लॅबचा पहिला भाग पास होऊन बसला होता. गच्चीत उभं राहून त्यानं विचारलं, “ताई, येऊ का मी?” तोवर तिकडे एकेका जागेला शेकड्यांनी अर्ज येत होते. माझ्या ओळखीतले पास झालेले कितीतरी जण महिनोन्‌महिने रिकामे बसले होते. हे मी त्याला सांगितलं नाही. ‘हुशार आहेस, तुला मिळेल’ म्हणाले. त्याचे वडील तिथेच उभे होते, आळीतले आणखी दोघे होते, आणि सगळे माझ्याकडे यशस्वी मुलगी म्हणून बघत होते. तिथे कसं आहे ते खरंखरं सांगायचं, तर माझं स्वतःचंही खरं थोडं सांगावं लागलं असतं. त्यांनी राहत्या घरावर कर्ज काढलं.

तो जानेवारीत आला. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारनं जाहीर केलं आणि एप्रिलपासून लागूही केलं की परदेशी डॉक्टरांना यापुढे वर्क परमिटशिवाय प्रशिक्षणाच्या जागा मिळणार नाहीत. म्हणजे ब्रिटनचा किंवा युरोपचा उमेदवार मिळत नाही असं रुग्णालयानं दाखवायचं, मगच याचा विचार. ईस्ट हॅममधले हजारो रुपयांचे क्लास करून पास झालेले आपले डॉक्टर तिथल्या देवळात दुपारच्या प्रसादाच्या रांगेत उभे राहू लागले. तोही त्या रांगेत उभा राहिला. मी सुरुवातीला थोडे पैसे पाठवले. नंतर त्याचे फोन घेणं मला जड जाऊ लागलं. ड्यूटीवर होते, झोपले होते, अशी कारणं मी सांगत गेले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या ‘बापिओ’ या संघटनेनं सरकारला कोर्टात खेचलं आणि २००८ च्या एप्रिलअखेर हाउस ऑफ लॉर्ड्सनं आरोग्य खात्याची रुग्णालयांना दिलेली सूचना बेकायदेशीर ठरवली. तोवर तो पनवेलला परतून बराच काळ लोटला होता.

आज तो रायगडातल्याच एका तालुक्याच्या गावी छोटं रुग्णालय चालवतो. पावसाळ्यात फुरसं, मण्यार, घोणस चावलेले पेशंट तिथे रात्री-अपरात्री येतात आणि त्यांतले पुष्कळ चालत घरी जातात. मी परत आल्यावर मुद्दाम त्याच्याकडे गेले आणि माफी मागितली. चुकीचा सल्ला दिला म्हणून मागितली होती. तो म्हणाला, “ताई, सल्ल्याचं काही नाही. नियम कुणाला ठाऊक होता? तू फोन उचलायला हवा होतास.” मी काय बोलणार.

दवाखान्यात येणाऱ्या मुलांना मी हे न चुकता सांगते, कारण आत्ता पुन्हा तसेच दिवस आले आहेत. प्लॅब पास झालेल्यांची संख्या वाढली आहे आणि जागा अपुऱ्या आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारनं जो दहा वर्षांचा आरोग्य आराखडा जाहीर केला, त्यात प्रशिक्षणाच्या जागांसाठी तिथल्या पदवीधरांना प्राधान्य द्यायचं स्पष्ट म्हटलं आहे. आराखडा वाचा, आणि तिकडे असलेल्या दादा-ताईंना पगार विचारू नका. किती महिने घरी बसलात, ते विचारा. जो सरळ सांगेल त्याचंच पुढे ऐका.

मी रुळले होते असं वाटत होतं तेव्हाची एक चूक राहिली. तोवर मी रजिस्ट्रार झाले होते, वृद्धांच्या विभागात. एक निवृत्त शिक्षिका वजन घटलं म्हणून दाखल होत्या. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाची गाठ दिसली, पसरलेली. संध्याकाळी भेटीच्या वेळेला त्यांचा मुलगा लंडनहून पोचला. अंगातला कोटही काढला नव्हता. कॉरिडॉरमध्ये त्यानं मला गाठून विचारलं, कॅन्सर आहे का? मी त्याला बाजूला नेलं, खुर्ची दिली, सगळं नीट समजावलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पनवेलमध्ये मला कुणीही चांगली डॉक्टर म्हटलं असतं. बाईंना मी अजून काहीच सांगितलं नव्हतं, सकाळी सांगणार होते.

मुलगा आत गेला आणि त्याचा चेहरा बघूनच त्यांना कळलं. सकाळी मी गेले तेव्हा त्या उशीला टेकून ताठ बसल्या होत्या. आवाज अजिबात चढला नाही. म्हणाल्या, ही बातमी माझी होती, ती मुलाला कधी आणि कशी द्यायची हे मी ठरवलं असतं, ते तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत. पुढचं बोलणं दुसऱ्या डॉक्टरांशी करेन, असंही म्हणाल्या. त्यांनी तक्रार केली नाही. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय मुलालाही द्यायची नाही, हा तिथला नियम प्लॅबच्या तयारीत मी घोकला होता. त्या कॉरिडॉरमध्ये माझ्या मनात नियम आलाच नाही. आई आजारी असते तेव्हा मुलगा हाच ऐकणारा असतो, असं माझ्या हाडीमासी होतं. मी त्यांना माफीचं पत्र लिहिलं. त्या घरी गेल्या, आणि नंतरचं मला कळलं नाही.

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी परत आले. मनात ठरवून आले होते की आता इथे योग्य ते करायचं. आपल्याकडे आनंदीबाई जोशींच्या जाण्याची गोष्ट शाळाशाळांत सांगतात. रुखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटच्या रुग्णालयांत तीस वर्षांहून जास्त राबल्या. ती परत येण्याची गोष्ट कमी सांगितली जाते. तिकडून शिकून आलेल्या बाईनं इथल्या बायकांशी कसं बोलायचं हे त्यांनी रोजच्या रोज कसं शोधलं असेल, याचा विचार मी तेव्हा करायला हवा होता. मी तो केला नाही.

विमानतळासाठी उठलेल्या गावांपैकी एका गावचे आजोबा दवाखान्यात आले. खोकला, कफात रक्त. रिपोर्ट आला, फुप्फुसाचा कॅन्सर. बरोबर बायको आणि मुलगा होते. मुलगा मागून डोळ्यांनी खुणा करत होता, बाहेर बोलू म्हणून. मला वेल्समधल्या शिक्षिका आठवल्या. रुग्णाचा हक्क पहिला! मी मुलाकडे दुर्लक्ष केलं आणि आजोबांकडे बघून, स्वच्छ मराठीत, रोगाचं नाव, तो कुठवर गेलाय आणि साधारण किती काळ हातात आहे ते सगळं सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. टेबलावरची टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि बाहेर गेले. टाटाच्या कॅन्सर रुग्णालयात जायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. काही आठवड्यांनी मुलगा राहिलेले कागद न्यायला आला तेव्हा म्हणाला, “मॅडम, त्यांनी विचारलं नव्हतं तुम्हाला.”

मुलगा बरोबर बोलला होता. तिथे मी आईला न विचारता मुलाला सांगितलं आणि इथे बापाला न विचारता बापाला सांगितलं. तिकडून मी नियम घेऊन आले होते. तो नियम कशासाठी आहे हे त्या शिक्षिकांनी मला एवढं उघड सांगूनही समजलं नव्हतं.

आता रिपोर्ट हातात घेऊन मी आधी विचारते. तपासणीचं उत्तर आलंय. तुम्हाला स्वतःला ऐकायचंय, की घरचं कुणी बरोबर हवंय, की त्यांनाच सांगू? उत्तरं मला अजूनही आधी ओळखता येत नाहीत. एका रिक्षावाल्यानं बायकोला बाहेर बसवून एकट्यानं सगळं ऐकलं आणि वर्षभर घरात कुणाला कळू दिलं नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंनी, ज्यांना सगळं ऐकायचं असेल अशी माझी खात्री होती, कानावर हात ठेवले.

मागच्या वर्षी उलव्याकडची एक आगरी म्हातारी आली होती. स्तनात गाठ, वरची कातडी ओढलेली, काखेतही गाठी. सुई घालून केलेल्या तपासणीचं उत्तर आलं आणि मी विचारलं. ती लगेच म्हणाली, “बाय, मना नको सांगू. माजे सुनेला सांग, ती मना सांगल.” मुलगा बाहेरच उभा होता, त्याचं नावही तिनं घेतलं नाही. सून अंगणवाडीत काम करणारी, वही-पेन घेऊनच आत आली. खर्च किती, दुखेल का, केस जातील का, असे तिचे प्रश्न नीट क्रमानं होते. खारघरच्या टाटाच्या केंद्रात कसं जायचं, रेशनकार्ड आणि आधार का न्यायचं, महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर काय विचारायचं, हे तिनं लिहून घेतलं. मग वही मिटून म्हणाली, “आणि हे मी आईंना कसं सांगू?” त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. त्या दोघी एकमेकींशी कशा बोलतात, आईंना कशाची भीती वाटते, हे मी तिला विचारत गेले, आणि बाहेरचे पेशंट खोळंबले तरी आम्ही बसून राहिलो.

पुढे सून औषधाच्या चिठ्ठीसाठी आली तेव्हा कळलं की घरी तिनं सांगितलंच नव्हतं. पनवेलहून लोकल पकडल्यावर, खारघर यायच्या आधी, बायकांच्या डब्यात बसून सांगितलं होतं. सासूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की रोज यायचं झालं तर तुझ्या अंगणवाडीचं कसं करशील.